मागणी सर्वांची, दोष एकट्याचा

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरून रोज हजारो माणसे जातात. एकीकडे टाटा, दुसरीकडे केईएम, पलीकडे वाडिया अशी रुग्णालयांची दाटी, आणि त्या दाटीत झाडांआड उभे असलेले हाफकिन संस्थेचे जुने आवार. मुंबईकराला हे नाव ठाऊक असते ते सर्पदंशावरच्या औषधामुळे, पोलिओच्या थेंबांमुळे, फार तर शाळेतल्या परीक्षेतील एका गुणाच्या प्रश्नामुळे. प्लेगवरची लस कोणी शोधली? हाफकिन. उत्तर लिहिले, गुण मिळाला आणि विषय संपला.

मला मात्र हा माणूस लशीच्या शोधापेक्षा वेगळ्याच गोष्टीसाठी मोठा वाटतो. लस शोधणे हे एक काम. ती लाखोंच्या संख्येने, वेळेवर, न बिघडता, गावागावापर्यंत पोचवणे हे अगदी दुसरे. पहिल्या कामाला प्रतिभा लागते. दुसऱ्याला पैसा, माणसे, बाटल्या, बुचे, रेल्वे, सरकारी हुकूम आणि या सगळ्यांवर विश्वास ठेवणारी जनता लागते. कोरोनाच्या काळात हे आपण पुन्हा नव्याने शिकलो. २०२० च्या मार्चमध्ये मास्क, व्हेंटिलेटर आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांच्या निर्यातीवर सरकारला बंदी घालावी लागली, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात लसीकरण केंद्रांवर साठा संपल्याच्या पाट्या लागल्या. त्या दिवसांत परळच्या या माणसाचे आयुष्य मला वारंवार आठवत होते. कारण साथीत माल पुरवणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणी भोगल्याचे माझ्या वाचनात नाही.

ओडेसा ते कलकत्ता

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात त्यांना एली मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हा सिद्धान्त मांडणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे तेच हे मेचनिकोव्ह. झारशाहीच्या त्या दिवसांत विद्यार्थी चळवळीत पडलेल्या हाफकिन यांच्यावर पोलिसांची नजर होती. ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते, आणि त्यापायी तुरुंगाची हवाही त्यांनी खाल्ली. गुरूंच्या रदबदलीने सुटका झाली. पुढे प्राध्यापकीची वाट मोकळी होण्यासाठी एकच अट होती, ती म्हणजे धर्म बदलावा. हाफकिन यांनी ती साफ नाकारली.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनीव्हात थोडा काळ काढून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोचले. मेचनिकोव्ह तिथे आधीच आले होते. पण जागा रिकामी होती ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. हाफकिन यांनी तीच पत्करली. दिवसा पुस्तके लावावीत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे, असा क्रम सुरू झाला. त्यातून पटकीवरची, म्हणजे कॉलऱ्यावरची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

लस तयार झाली, पण ती वापरून पाहणार कुठे? रशियाने या पळून गेलेल्या ज्यू तरुणाला दाद दिली नाही. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मध्यस्थीने हिंदुस्थानचा दरवाजा उघडला आणि १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले. आग्र्यापासून सुरुवात करून दोन-अडीच वर्षांत त्यांनी बेचाळीस हजारांवर माणसांना लस टोचली. कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत, आसामच्या चहामळ्यांत, लष्करी छावण्यांत त्यांनी स्वतः सुई धरून काम केले. जबरदस्ती कुठेही केली नाही. मलेरियाने शरीर पोखरले तेव्हा उपचारासाठी इंग्लंडला गेले आणि १८९६ मध्ये पुन्हा परतले.

मुंबईची कोंडी

त्याच वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या आणि गोद्यांच्या शेजारी, काखेत आणि जांघेत गाठी येऊन माणसे मरू लागली. डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी हा प्लेग आहे असे निदान केले. चीनमधून निघालेली साथ १८९४ मध्ये हाँगकाँगला पोचली होती. आता ती व्यापाराच्या जहाजांबरोबर मुंबईत उतरली.

पुढचे सहा महिने मुंबईने जे पाहिले त्याच्या कथा आमच्या आजीपर्यंत आणि तिच्याकडून आमच्यापर्यंत आल्या. गाव रिकामे करून माळावर उभारलेल्या चटयांच्या झोपड्या, उंदीर मेलेला दिसला की उचललेले बिऱ्हाड, आणि परतल्यावर मोजली जाणारी घरे. लाखो लोक मुंबई सोडून गेले. गिरण्या मजुरांवाचून अडल्या.

पण सरकारच्या डोळ्यांसमोर केवळ मृत्यू नव्हते, बंदरही होते. मुंबई हे साम्राज्याच्या व्यापाराचे मोठे दार. कापूस, धान्य, तेलबिया, कातडी, सगळे इथूनच युरोपात जायचे. सुएझ कालवा झाल्यापासून मुंबई आणि युरोप यांतले अंतर फारच कमी झाले होते. युरोपातल्या बंदरांनी मुंबईच्या जहाजांना अडवून धरले. १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिस येथे खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. वापरलेले कपडे, अंथरुणे, चिंध्या, कच्ची कातडी असा माल कोणी घ्यावा, कोणी नाकारावा, जहाज किती दिवस अडवावे, याचे नियम तिथे ठरले. क्वारंटाइनमुळे व्यापार बुडतो म्हणून ब्रिटनने अशा परिषदांत वर्षानुवर्षे विरोधाचा सूर लावला होता. या वेळी त्यालाही मान तुकवावी लागली. मुंबईहून जाणारी हज यात्रा त्या वर्षी थांबवण्यात आली.

व्हेनिसची परिषद भरत होती त्याच सुमारास, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा झाला. हाच कायदा २०२० साली आपल्यावरही लागू झाला होता. घरांच्या झडत्या, रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना बळाने हलवणे, सामान जाळणे हे सर्व त्या कायद्याच्या जोरावर चालले. पुण्यात त्याचा कळस झाला आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. पण त्या कडकपणामागे एक व्यापारी घाईही होती, हे आपण क्वचित लक्षात घेतो. आम्ही साथ रोखत आहोत, हे युरोपला दाखवायचे होते. दाखवण्यासारखे म्हणजे सोजिरांच्या तुकड्या. लस ही दाखवण्याची वस्तू नव्हती. ती मुकाट्याने, एकेका दंडात टोचायची होती.

भायखळ्याची खोली

सरकारच्या बोलावण्यावरून हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक लहानशी जागा मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगवरचे पहिले परिणामकारक प्रतिबंधक औषध तयार करण्याची ही सारी यंत्रणा! काम इतके अफाट होते की एका साहाय्यकाची प्रकृती ढासळली आणि इतर काही जण काम सोडून गेले, असे सांगतात. हाफकिन मात्र तिथून हलले नाहीत.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही नंतर इतरांना दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट, १० घनसेंटिमीटर. ताप भरला, अंग ठणकले आणि उतरले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथले सुमारे निम्मे कैदी स्वेच्छेने टोचून घ्यायला तयार झाले. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेला कोणी नाही. पुढे मार्चमध्ये पोर्तुगीजांच्या दमणमध्ये साथ आली तेव्हा २,१९७ जणांनी टोचून घेतले. त्यांतले ३६ मरण पावले. न टोचलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ गेले. या आकड्यांपुढे शंकेखोरांनाही विचार करावा लागला.

आणखीही औषधे बाजारात येऊ पाहत होती. प्लेगचा जंतू शोधणारे यर्सिन घोड्याच्या रक्तातून काढलेले सीरम घेऊन १८९७ मध्ये स्वतः मुंबईत आले. पण सीरम थोडे, घोड्यांवर अवलंबून, आणि गुणही बेताचा. इटलीचे लुस्टिगही आपले सीरम घेऊन आले. हाफकिन यांच्या लशीचे बळ हे की ती स्वस्तात, स्थानिक वस्तूंतून, वाटेल तेवढी करता येण्याजोगी होती. परदेशातून जहाजाने काही यायची वाट पाहायची नाही, हा त्यांचा पाया होता.

तरीही ती सगळीकडे वेळेवर पोचली नाही. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. लस तेव्हा जन्मून दोन महिने झाले होते. पण ती भायखळ्याच्या एका खोलीत थोडीथोडी होत होती. औषध अस्तित्वात असणे आणि ते आपल्या गावात असणे यांतले अंतर काय असते, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की समजते.

तुपाचे थेंब आणि सहा आठवडे

ही लस कशी करीत, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढची सारी शोकांतिका त्यातच दडलेली आहे. मोठ्या चंबूंत मांसरस भरायचा. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही भावना दुखवू नयेत म्हणून गाय-डुकराचे नव्हे, तर बकऱ्याचे मांस वापरीत. रसावर तुपाचे काही थेंब सोडायचे. तुपाच्या त्या तवंगाला धरून प्लेगचे जंतू वाढत आणि गुहेतल्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे रसात खाली उतरत. चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी जात आणि नवे लोंबू लागत. असे सुमारे सहा आठवडे. मग उष्णता देऊन जंतू मारायचे, द्रव टिकावा म्हणून थोडे कार्बॉलिक ॲसिड घालायचे, बाटल्यांत भरून बुचे घट्ट बसवायची आणि रेल्वेने रवाना करायचे.

सहा आठवडे! साथीला सहा आठवडे थांबायला वेळ कुठे असतो? प्लेग थंडीत चढायचा, उन्हाळ्यात उतरायचा. प्लेग आला की तारांवर तारा यायच्या. प्लेग ओसरला की बाटल्या पडून राहायच्या. आज मागितलेली लस दीड महिन्यानंतर मिळणार, म्हणजे मागणी साथीच्या आधी नोंदवायला हवी. पण साथ येण्याआधी पैसे खर्च करायला कोणते सरकार राजी असते? दुकानदाराला जे साधे गणित कळते ते सरकारी खात्यांना तेव्हाही अवघड जात होते.

जागा सारखी अपुरी पडायची. प्रयोगशाळा आधी मलबार हिलवरच्या एका बंगल्यात गेली. मग आगाखानांनी आपला बंगला देऊ केला. ते तेव्हा अवघ्या विशीच्या आसपास होते. त्यांनी स्वतः चारचौघांदेखत टोचून घेतले आणि मग खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. सोजिरांच्या संगिनीला जे जमले नाही ते आपल्या माणसाच्या उघड्या दंडाने साधले. शेवटी परळचा गव्हर्नरांचा जुना प्रासाद रिकामा होता, तो मिळाला. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तिथे प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. जिथे मेजवान्या झडल्या त्या दालनांत आता जंतूंचे चंबू मांडले गेले.

लोकांनी टोचून घ्यावे म्हणून काही ठिकाणी टोचल्याचा दाखला मिळाला की विलगीकरणातून आणि रेल्वेवरच्या अडवणुकीतून सूट मिळे. फिरतीवरच्या व्यापाऱ्याला तो दाखला म्हणजे परवानाच. २०२१ साली लशीचे प्रमाणपत्र दाखवून लोकलचा पास काढणाऱ्या मुंबईकराला यात नवल वाटणार नाही.

मुल्कोवाल

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले होते. येत्या थंडीआधी मोठ्या प्रमाणावर लोकांना टोचायचे, असे तिथल्या सरकारने ठरवले. ही दूरदृष्टीच होती, आणि हाफकिन यांना तर ती हवीच होती. पण मागणी इतकी प्रचंड होती की परळची जुनी पद्धत तिला पुरी पडणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी तयार करण्याच्या कृतीत बदल केला. कार्बॉलिक ॲसिड वगळले आणि निर्जंतुकीकरणाची सारी भिस्त उष्णतेवर ठेवली. हा काही अंधारातला प्रयोग नव्हता. पाश्चर संस्थेत ही रीत दोनेक वर्षे चालू होती. काम जलद व्हायचे, लस अधिक निर्धोक व्हायची. फक्त ब्रिटिश अधिकाऱ्यांना ती अनोळखी होती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. आठवडाभरात त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सर्वच्या सर्व १९ दगावले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटली क्रमांक ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही काही झाले नाही.

एकोणीस घरांवर आभाळ कोसळले. त्या माणसांनी टोचून घेतले होते ते सरकारच्या शब्दावर विसंबून, जगण्यासाठी. हाफकिन यांची बाजू मांडताना ही गोष्ट क्षणभरही विसरता कामा नये. प्रश्न असा की बाटलीत विष शिरले कुठे? परळला, बूच बसवण्यापूर्वी, की मुल्कोवालच्या अंगणात, बूच काढल्यानंतर?

सर लॉरेन्स जेंकिन्स या मुंबईच्या सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. बाटली परळहून निघाली तेव्हाच दूषित होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि कार्बॉलिक वगळल्याबद्दल हाफकिन यांच्याकडे बोट दाखवले. हाफकिन मुळात डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोतावळ्यातले नव्हते. रशियात जन्मलेले, ज्यू, पॅरिसमध्ये शिकलेले. राणीने १८९७ मध्येच किताब दिला होता, पुढे ब्रिटिश नागरिकत्वही मिळाले होते. पण अडचणीच्या वेळी माणूस आपला की परका हे किताबावरून ठरत नाही. त्यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले.

चिमट्याची साक्ष

आयोगासमोरच्या साक्षींत एक बारीकशी गोष्ट नोंदली गेली होती. मुल्कोवालला ५३-एन ही बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बॉलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. चिमटा ज्योतीवर धरायला हवा होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, गुराढोरांच्या वावराच्या जागी तर हमखास. नुसत्या बुचकळण्याने त्यांची बीजे मरत नाहीत.

दुसरी गोष्ट वासाची. धनुर्वाताचे जंतू वाढलेल्या द्रवाला उग्र दुर्गंधी येते. ही बाटली भरून ४१ दिवस झाले होते. जंतू परळलाच शिरले असते तर इतक्या दिवसांत ते बेसुमार वाढले असते आणि बूच निघताच वास सुटला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना वास आलेला नव्हता. शिवाय रोगाची लक्षणे दिसायला जितके दिवस लागले, तेही थोड्या आणि ताज्या जंतूंकडेच बोट दाखवीत होते.

लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पुन्हा तपासला. मलेरियाचे कोडे सोडवणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि अन्य मान्यवर, मिळून दहा शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील ठपका सिद्ध होत नाही, असे त्यात निक्षून मांडले होते. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. फ्रान्समध्ये खोट्या आरोपाखाली भरडलेल्या ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याच्या खटल्याची आठवण अनेकांना झाली आणि या प्रकरणाला छोटे ड्रेफस प्रकरण असेच नाव पडले. अखेर सरकारने त्यांना दोषमुक्त केले.

पाच वर्षे गेली होती. या पाच वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने लाखो माणसे नेली. एका बाटलीने लशीवरचा विश्वास पंजाबात आणि बाहेरही खचवला होता. दोष खेड्यातल्या चिमट्याचा होता, हे कागदावर सिद्ध झाले तरी गावकऱ्याच्या मनातली भीती कागदाने जात नाही. या प्रकरणाची खरी किंमत कोणी मोजली असेल तर ती त्यांनी, ज्यांनी मुल्कोवालच्या बातमीनंतर दंड पुढे केला नाही.

आणि एक प्रश्न कोणत्याच आयोगाने विचारला नाही. एवढी मागणी करताना तिला पुरेशी साधने, पुरेशी माणसे, खेड्यात सुई धरणाऱ्याला पुरेसे शिक्षण दिले होते का? ज्याने माल मागितला तो, ज्याने वाहून नेला तो, ज्याने उघडला तो आणि ज्याने केला तो, अशी ती साखळी होती. चौकशी तिच्या एका टोकाचीच झाली.

परतलेला माणूस

हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळला नव्हे. तिथली जागा भरली गेली होती. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली. लशीच्या प्रत्यक्ष कामाचे अधिकार मिळाले नाहीत, केवळ सैद्धान्तिक संशोधनाची मुभा मिळाली. ज्याने लाखो दंडांना सुई लावण्याची व्यवस्था उभी केली, त्याच्या हातून सुईच काढून घेतली. पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. उरलेले आयुष्य त्यांनी धर्मचिंतनात आणि पूर्व युरोपातील ज्यूंच्या शिक्षणासाठी वेचले. आपली संपत्तीही त्याच कामासाठी निधी करून दिली. लग्न केले नव्हते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले.

त्याआधी एक गोष्ट मुंबईने केली, आणि ती मला मुंबईच्या मोठेपणाची वाटते. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. कळवल्यावर त्यांचे उत्तर आले, की आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे या मुंबईच्या कामातच गेली. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. तोवर, म्हणजे १८९७ ते १९२५ या काळात, मुंबईतून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. भायखळ्याच्या खोलीतल्या एका कारकुनापासून आणि तीन शिपायांपासून सुरू झालेला हा पसारा! १९६४ मध्ये भारताने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

नावाचा प्रवास पुढेही चालू राहिला. १९७५ मध्ये संस्थेच्या औषधनिर्मितीसाठी वेगळे महामंडळ झाले. २०१७ मध्ये राज्यातल्या सरकारी रुग्णालयांसाठी औषधे खरेदी करण्याचे कामही राज्य सरकारने याच महामंडळाकडे सोपवले. खरेदीला उशीर होतो, रुग्णालयांत औषधे नाहीत, अशी ओरड वर्षानुवर्षे होत राहिली आणि २०२३ मध्ये खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. मधल्या काळात वर्तमानपत्रांत हाफकिन हे नाव अनेकदा आले, ते रखडलेल्या निविदांच्या संदर्भात. पुरवठ्यापायी ज्याने अपयश भोगले त्याचेच नाव पुरवठ्याच्या तक्रारीला चिकटावे, हा योग चमत्कारिक खरा. पण त्यात अर्थ आहे. औषध कोणी बनवले हे आपण पाठ करतो. ते मागवले कधी, पैसे दिले कधी, पोचले कधी, हे विचारत नाही. विचारतो ते फक्त कोणी तरी मेल्यावर.

हाफकिन यांच्या चरित्रातून मी एवढेच घेतो. साथ येईल तेव्हा माल हवा असेल तर तो साथ नसताना मागवायला हवा. घाई करायला सांगणाऱ्याने घाईची जबाबदारीही निम्मी घ्यायला हवी. दंड पुढे करणाऱ्याचा विश्वास हा बाटलीतल्या द्रवाइतकाच जपून न्यायचा माल आहे, आणि तो एकदा सांडला की सहा आठवड्यांत नवा तयार होत नाही. शेवटच्या गावात बूच काढणाऱ्या हाताला चिमटा ज्योतीवर का धरायचा, हे कोणी तरी नीट समजावून सांगितले असते, तर मुल्कोवालची एकोणीस माणसे प्लेगच्या त्या थंडीतून कदाचित सुखरूप बाहेर पडली असती.